पितळी पाटीवरचा गवंडी

१२ जानेवारी १९५९

हिचा — चंद्राबाईचा — खोकला उतरला. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. म्हैस दोन दिवस रुसली होती, आज वैरण खाल्ली. सगळं ठीक म्हणायचं.

बहिरू पोस्टमननं पार्सल आणलं. तळहाताएवढी पितळी पाटी! उठावाचा माणूस — डोईला पगडी, हातात ओळंबा, मागं गड. खाली अक्षरं: हिरोजी इंदुलकर, रायगड बांधणारे. पाठीवर: स्मरणपाटी, बारांपैकी तिसरी. पुण्यात लोक असले संच जमवतात म्हणे. आत चिठ्ठी नाही. पण पत्ता आमच्या गेणूच्या हातचा, महाडहून. तीन वर्षांनी पोराचं अक्षर दिसलं!

हिनं पाटी बघितली आणि कपाळाला लावली. आमच्यात मेलेल्या माणसाचा असाच उठावाचा टाक करून देवात बसवतात. म्हणाली, "गेला माझा गेणू. कुणीतरी टाक करून धाडला."

१३ जानेवारी

अक्षरन् अक्षर वाचून दाखवलं. ऐकत नाही. पाटी देव्हाऱ्यात बसवली, हळदकुंकू वाहिलं.

१७ जानेवारी

चूक माझीच. आम्ही बापलेक दोघंही गवंडी. गेणूची भिंत ओळंब्याला जराशी तिरकी गेली, तर चारचौघांत पाडायला लावली. पोरगा त्याच दिवशी निघून गेला. मग पत्र आलं — तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. मी हिला वाचून दाखवलं — दिवाळीला येतो. तीन दिवाळ्या ही त्याच्या वाटच्या करंज्या झाकून बसली. आता माझ्या वाचण्यावर ती कशी विश्वास ठेवील?

आणि त्यानं गवंडीच धाडला. माझ्यासाठी. हे मलाच कळतंय.

२५ जानेवारी

धरणावर धुकं. बांधावर बसल्या बसल्या डोळा लागला. माझी पहिली भिंत ज्या गावात होती, ते गाव त्या पाण्याखाली आहे. बघतो तर हिरोजी पाण्यावरून चालत आले, खाली वाकून माझ्या भिंतीला ओळंबा लावला. "जरा तिरकी आहे," म्हणाले, "राहू द्या." हात थेट गेणूचे! जागा झालो तर पाठीवर ऊन आलेलं.

३ फेब्रुवारी

ही म्हणाली, "मला अक्षरं दावा. तुमी वाचल्यालं नगं. माझी मी बघन." या वयात? — मी म्हटलं. तर म्हणते, "तुमी चाळिशीत शिकला तवा मी हसले हुते. आता तुमी हसा."

चुलीपुढच्या राखेत 'ग' काढून दिला.

८ मार्च

'र' जमला. 'ज' उलटा काढते.

२ एप्रिल

देव्हाऱ्यापुढं बसून, बोट ठेवत वाचलं — हि. रो. जी. परत वाचलं. पाटी उचलली, पदरानं कुंकू पुसलं आणि खिडकीत नेऊन ठेवली. आज भाकरी दोन खाल्ल्या.

१९ ऑगस्ट

हिनं स्वतः कार्ड लिहिलं. पार्सलवरचा महाडचा पत्ता तेवढा मी घातला. टाकायला माझ्याच हातात दिलं —

'गेणू. येतो असं तू लिवलं नव्हतंस. ह्यांनी वाचून दावलं तवाच मला कळलं. आता लवकर पत्र धाड. माझ्या नावानं. मी वाचीन.'