डागाचा पेरू

नौपाडा, ठाणे
गुरुवार, जानेवारी १९५२

एझ्रा रविवारी इस्राएलला निघणार. माझा एकुलता एक. त्याचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून आज घरी मलिद्याचं अर्पण केलं. गोड पोहे, नारळ, पाच फळं. आणि ताटात मी मुद्दाम डागाचा पेरू ठेवला.

गेल्या शनिवारी सिनेगॉगमध्ये, प्रार्थना चालवणारे हजानकाका सांगत होते, पूर्वी अर्पणाचं कोकरू निरखून घेत. डाग असलेलं परमेश्वराला चालत नसे. "त्याला मांस कुठे हवं होतं? ऐकणारं मन हवं होतं." मी मात्र सोयीचं तेवढंच ऐकलं. अर्पण नाकारलं गेलं, तर एझ्राचं जाणं मोडेल. देवालाच फसवायला निघाले! कसली आई मी?

आशीर्वाद झाल्यावर एझ्राने नेमका तोच पेरू उचलला. सुरीने डाग कोरून काढला आणि अर्धी फोड माझ्या हातावर ठेवली. हळूच म्हणाला, "आई, डाग काढलाय. आता तरी 'जाऊन ये' म्हण."

पेरू गोड निघाला. मी तो खाल्ला. जा म्हणवत नाही. आणि ये तरी कसं म्हणू? तो येणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.