चेंडू जवळ नसताना

किहीम,
२ जुलै १९५६

ती. दादास गोदूचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे पाऊस सोडून सर्व क्षेम. तिकडचे क्षेम तू कळवत नाहीस, म्हणून ते वहिनींच्या पत्रावरून समजून घेते.

कामाचे आधी लिहिते. चौलच्या राऊतांचा होकार आला. मे महिन्यात ते मला पाहून गेले होते. त्या वेळी तू येणार होतास आणि आला नाहीस. मुलाचे नाव मोरेश्वर, मुंबईला एका आगबोट कंपनीच्या कचेरीत असतो. पण स्थळ आणणाऱ्या मामांनी ही माहिती शेवटी दिली. आधी त्यांनी खिशातून वर्तमानपत्राची कात्रणे काढून आप्पांच्या पुढ्यात मांडली. मोरेश्वर कंपनीच्या फुटबॉल संघात सेंटर फॉरवर्ड आहे. एका कात्रणात त्याला वाघ म्हटले आहे, दुसऱ्यात वीज. आप्पांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि विचारले, हा नुसता पळतो, तर पगार कशाचा घेतो. मामा म्हणाले, पळण्याचाच. कंपनीने त्यासाठीच ठेवला आहे. तेव्हा आप्पांनी चष्मा काढून ठेवला.

मी त्याला पोहे दिले, त्याने ते खाल्ले. शाळेत मी कोणती इयत्ता शिकवते एवढेच विचारले. माणूस वाईट दिसला नाही. पण पोह्यांवरून माणूस कळत नाही.

नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांना आपले उत्तर हवे आहे. आधीची दोन स्थळे आप्पांनी तुझ्या शब्दावर सोडली. पेणच्याचे कान तुला पटले नाहीत, रेवदंड्याचा तुला फार हसरा वाटला. त्यांना मीही विसरले. पण मला पंचविसावे लागले आहे आणि हे स्थळ मला नकोसे वाटत नाही. तू स्वतः हाफ बॅक खेळलेला आहेस. एकदा त्याचा खेळ पाहा, आणि खरे काय ते लिही. मला वाघ नको, वीज नको. घरात गरज पडली तर उठणारा माणूस हवा.

आप्पांचा गुडघा पुन्हा सुजला आहे. समुद्राकडचा गडगा, दगडी कुंपणच ते, पहिल्याच उधाणात बसला आणि गुरे वाडीत शिरू लागली. वाडीवरच्या गुणाजीने आणि मी तिथे काट्या लावल्या आहेत. गुणाजी रोज विचारतो, हरीदादा कदी येनार हाय. मी सांगते, येणार आहे.

माया आहे तशीच असू दे. पत्र मात्र नेहमीपेक्षा लौकर येऊ दे.

तुझी
गोदू


माझगाव,
१६ जुलै १९५६

चि. गोदूस अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात रजा मिळाली नाही, हे तुला ठाऊक आहे.

शनिवारी कूपरेजच्या मैदानावर जाऊन तुझा वाघ पाहून आलो. वरून पाऊस आणि खाली चिखल. त्याने दोन गोल केले. दुसरा चांगलाच होता. माझ्या शेजारचा एक पारशी म्हातारा उघड्या छत्रीसकट नाचला. पण गोदू, गोल करणे हे नारळ पाडण्यासारखे आहे. रोप लावणारा वेगळा, शिंपणारा वेगळा, खत घालणारा वेगळा. पाडणारा एकटा वर चढतो आणि खालचे सगळे मान वर करून त्याच्याकडे बघतात. हाफ बॅकने चेंडू हिसकावायचा, चार जणांच्या लाथा खाऊन तो याच्या पायाशी आणून ठेवायचा. याने पाय लावायचा. कात्रण याचे.

आणि चेंडू दुसऱ्या पक्षाकडे गेला की तो काय करतो, सांगू? काही नाही. कमरेवर हात ठेवून मधल्या रेघेच्या पुढे उभा राहतो. इकडे याच्या संघाच्या गोलावर सहा जण तुटून पडलेले, त्यांचा हाफ बॅक चिखलात लोळतो आहे, आणि हे महाशय वऱ्हाडाची गाडी चुकलेल्या नवरदेवासारखे उभे. एकदा तर त्याने सावकाश मोजा वर ओढून घेतला.

बड्या फॉरवर्डचे जेवढे नाव होते त्यातले निम्मे उरलेल्या दहांचे असते. हे मी रागाने म्हणत नाही, खेळून म्हणतो. संसारात चेंडू बहुतेक वेळ दुसऱ्याकडेच असतो. तेव्हा माझे मत, नको.

तू तिथे आप्पांजवळ सुखात आहेस. शाळा आहे, वाडी आहे. घाई कशाला करायची? गडग्याचे मी पाहतो. पाऊस ओसरला की येतो.

आप्पांना नमस्कार सांग. मी कमी लिहितो म्हणून लोभ कमी समजू नकोस.

तुझा
हरी


किहीम,
२२ जुलै १९५६

सौ. वहिनींना गोदूचा नमस्कार.

हे पत्र दादाने वाचले तरी चालेल, पण तो वाचणार नाही. पाकिटावर माझे अक्षर आणि तुमचे नाव दिसले की आत पापडाची कृती आहे असे तो समजतो.

त्याचे मत आले, नको म्हणून. मी त्याला दोष देत नाही. पण हाफ बॅकला फॉरवर्डविषयी विचारणे म्हणजे सुनेला सासूविषयी विचारणे. उत्तर खरे असते, पुरे नसते. शिवाय त्याने शेवटी लिहिले आहे, की मी आप्पांजवळ सुखात आहे. आहेच. मी इथे सुखात असले की आणखी कोण कोण सुखात असते, ते मी लिहीत नाही.

तुम्ही एकदा त्याच्याबरोबर जा. तुम्हाला खेळ कळत नाही, म्हणून तुम्हीच जा. गोल कोणी केला ते वर्तमानपत्रात येते. चेंडू जवळ नसताना तो माणूस काय करतो, तेवढे पाहा. तो उभा असतो, असे दादा म्हणतो. उभा का असतो ते पाहा. माझीच लाँचने येण्याची तयारी होती, पण या पावसात आप्पा रेवसपर्यंतसुद्धा जाऊ देत नाहीत.

तुमच्यावर भार टाकते आहे. आपले माणूस म्हणूनच टाकते.

तुमची
गोदू


माझगाव,
५ ऑगस्ट १९५६

वन्संना प्रमोदिनीचा नमस्कार.

काल जाऊन आले. जाताना साडी धुतलेली होती, येताना नव्हती. सगळ्या मैदानावर बायका म्हणाल तर मी आणि एक चणेवाली.

तुम्ही सांगितले तसे मी चेंडूकडे पाहिलेच नाही. ते उभे असतात हे खरे आहे. पण वन्सं, ते एकटे उभे नसतात. दुसऱ्या पक्षाचे दोन धिप्पाड गडी त्यांच्या दोन अंगांना उभे असतात. हे डावीकडे सरकले की ते दोघे डावीकडे. हे उजवीकडे आले की ते उजवीकडे. आपल्या माणसांच्या मदतीला जायची त्या दोघांची छाती होत नाही. मला म्हसळ्याचे आमचे घर आठवले. बाबा ओटीवर नुसते बसलेले असत, हातात कामही नसे. पण ते तिथे असेपर्यंत भाऊबंद अंगणात भांडायला येत नसत.

मी यांना म्हटले, ते दोघे इथे अडकले नसते तर तिकडे गोलावर सहाचे आठ झाले असते. हे म्हणाले, तुला ऑफसाइड कळते का? मी म्हटले, नाही. तर म्हणाले, मग गप्प बस. मी गप्प बसले. पण बेरीज माझी बरोबर होती.

सामना झाल्यावर यांनी त्यांना चहाला घरी आणले. आपण मुलीचे भाऊ आहोत हे विसरून यांनी पलंगावर सगळ्या कपबश्या मांडल्या आणि फॉरवर्डने मागे कसे यावे ते समजावले. साखरेचे भांडे म्हणजे गोल. ते म्हणाले, दोन गडी अडकवून ठेवणे हेच काम कप्तानाने त्यांना सांगितले आहे. त्यावर हे म्हणाले, की सांगितले तेवढेच करणारा माणूस आमच्या घरात चालायचा नाही. त्यांनी साखरेचे भांडे जवळ ओढून घेतले. मग म्हणाले, मागे येऊन पाहतो. जाताना दोन बश्या त्यांनी आपणहून मोरीत नेऊन ठेवल्या. यांच्या मांडणीत त्या बश्या फुल बॅक होत्या.

तुमची आठवण घरात रोज निघते, हे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून लिहिले.

तुमची
प्रमोदिनी


माझगाव,
१३ ऑगस्ट १९५६

चि. गोदूस आशीर्वाद.

घाईत चार ओळी. परवा उपांत्य सामन्यात राऊताचा संघ हरला, एका गोलाने. तुझ्या वाघाने आपल्याच गोलासमोर चेंडूला हात लावला आणि पेनल्टी दिली. फॉरवर्डला बचाव येत नाही, हे आता वर्तमानपत्रानेही लिहिले आहे. कात्रण सोबत आहे. मामांच्या संग्रहात घालावे.

पौर्णिमा जवळ आली. आप्पांशी बोलून नकार कळवून टाक. कळावे, काळजी करू नये.

हरी


माझगाव,
१४ ऑगस्ट १९५६

वन्संना नमस्कार.

यांचे पत्र पोचेल. ते खोटे नाही, अर्धे आहे.

शनिवारी मीही गेले होते. मध्यंतरापर्यंत मोरेश्वर आपल्या जागी उभे होते आणि सगळे ठीक होते. नंतर ते जागा सोडून मागे येऊ लागले. मागे आले की आम्ही उभे होतो तिकडे पाहत, पहिल्या दिवशी शाळेतले मूल दाराशी थांबलेल्या आईकडे पाहते तसे. हे खूश होऊन मान हलवत होते. ते मागे आले तसे ते दोन धिप्पाड गडीही मोकळे झाले आणि पुढे आले. गोलापाशी बाजारासारखी गर्दी झाली. त्या गर्दीत उभे राहायची सवय मोरेश्वरांना नाही. एक उंच चेंडू आला आणि त्यांचा हात वर गेला.

सामना संपल्यावर कप्तान सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडला. पुढची जागा सोडून मागे जायला कोणी सांगितले होते, असे विचारले. आम्ही दोरीला टेकून उभे होतो. मोरेश्वरांनी एकदा यांच्याकडे पाहिले.

“कोणी नाही,” ते म्हणाले. “चुकलं माझं.”

यांनी छत्री मिटली आणि तसेच पावसात उभे राहिले. मी म्हटले, छत्री उघडा. यांना ऐकू गेले नाही. काल बसून तुम्हाला ते पत्र लिहिले. मी यांना काही म्हणाले नाही. बायकोने म्हणायचे आणि बहिणीने म्हणायचे, यात फरक असतो.

तुम्ही काय ठरवाल त्यात मी तुमच्या बाजूला आहे.

प्रमोदिनी


किहीम,
१८ ऑगस्ट १९५६

ती. दादास गोदूचा नमस्कार.

कात्रण मिळाले. वहिनींचेही पत्र आले. दोन्ही आप्पांना वाचून दाखवली. आप्पा पुष्कळ वेळ हसले आणि मग म्हणाले, हरी लहानपणीही काठावर उभा राहून दुसऱ्याला पोहायला शिकवायचा.

आज चौलला होकार कळवला. पत्र आप्पांनी लिहिले, मजकूर मी सांगितला. त्यामुळे आता मला ‘तो’ म्हणता येणार नाही. पुढे ‘ते’ वाचावे.

तुझे म्हणणे मी टाकून दिलेले नाही. दुसऱ्याने सांगितले म्हणून त्यांनी आपली जागा सोडली, हे चांगले केले नाही. ते मी त्यांना लग्नानंतर वरचेवर सांगणार आहे. पण कप्तानाने विचारले तेव्हा तुझे नाव घेणे सोपे होते, आणि खरेही होते. ते त्यांनी घेतले नाही. त्या वेळी चेंडू त्यांच्याजवळ नव्हता. मला पाहायचे होते ते एवढेच.

फॉरवर्डची वाखाणणी जास्त होते, हे मला मान्य आहे. पण त्याने मागे यावे की पुढे थांबावे, याचे एकच उत्तर मला देता येत नाही. मागे कोण आहे, त्यावर ते असते. आपल्या घरात तू पुढे होतास. शिकलास, नोकरी मिळवलीस, खेळलास. आप्पा गावात तुझे नाव सांगतात, मीही सांगते. आई गेल्यापासून मागे मी होते. मला त्याचा कंटाळा आला नाही, आणि तू पुढे होतास म्हणून आम्हालाही पुष्कळ मिळाले. पण मार्गशीर्षात मी इथून जाणार. आप्पांचा गुडघा नुसत्या लेपाने बरा व्हायचा नाही. काट्यांच्या आधाराने वाडी आणखी एक पावसाळा काढणार नाही. तू जन्माचा हाफ बॅक, असे तूच म्हणतोस. तर आता मागे ये. रोज नको. महिन्यातले दोन शनिवार पुरेत.

कोळीवाड्यात बुधाजीने होडी रंगवायला काढली आहे. दर्या आता ऐकेल, असे तो म्हणतो. राखी या पाकिटातच आहे. वहिनींकडून बांधून घे.

तुझी माया मला कधी कमी पडली नाही. थोडी आता इकडच्या वाटेला लाव.

तुझी
गोदू


माझगाव,
२३ ऑगस्ट १९५६

चि. गोदूस आशीर्वाद.

शनिवारी पहिल्या लाँचने निघतो. रेवसला एस.टी. मिळाली तर जेवायला पोचू, नाही तर चालत येऊ. गडग्याचे ढासळलेले दगड गुणाजीकडून एका बाजूला काढून ठेव. मोरेश्वरला बरोबर आणतो आहे, कारण मोठे दगड एकट्याला उचलत नाहीत. वरून कोणी लावायचे आणि खालून कोणी द्यायचे, ते मी त्याला काल नीट समजावले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, तिथे गेल्यावर गोदावरीला विचारू.

फॉरवर्डविषयीचे माझे मत बदललेले नाही.

हरी