हाकेच्या दिशेने

प्रिय आई,

रविवारी वर्ष होईल तुला जाऊन. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला घेतलं असतं तर मला एकाच गोष्टीवर यावं लागलं असतं. आज सकाळी ती बाबांना सांगितली. आता तुलाही सांगते.

कच्छचा हट्ट तुझाच होता. शाळेतून रिटायर झालीस आणि म्हणालीस, "हॉटेल नको, मला तंबूत झोपायचंय." बाबा म्हणाले, "मुलुंडला गच्चीवर लावून देतो तंबू." पण तू ऐकलं नाहीस. नवे बूट आणलेस आणि पंधरा दिवस ते घालून सोसायटीत चकरा मारल्यास. शेवटी तुम्ही दोघं आणि आम्ही दोघं भावंडं, मी आणि समीर, असे चौघे निघालो.

पहिली संध्याकाळ किती छान गेली ना? लाल-पिवळे, थरावर थर रचलेले खडक. त्यांवरून हात फिरवत तू म्हणालीस, "'वाऱ्याचं कार्य' हा धडा पंचवीस वर्षं शिकवला. वाऱ्याने काय केलंय ते आज बघतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तू चहा हातात धरून नुसती बसली होतीस.

"किती गप्प आहे गं इथे. एक कावळासुद्धा नाही."

"त्यासाठीच तर आलो ना, आई."

तू घाबरली होतीस का? मी तेव्हा विचारलं का नाही?

वाट दाखवायला जवळच्या गावातले रामजीभाई होते. घळीच्या तोंडाशी ते थांबले. "यहाँ आवाज नहीं देने का, बेन. आवाज घूमता है." समीर हसला. मीही हसले. तुला ते ऐकूच गेलं नाही. ते तुझ्या डाव्या बाजूला उभे होते, आणि तुझा डावा कान जाऊन चार वर्षं झाली होती. घरी मी स्वयंपाकघरातून हाक मारली की तू बाल्कनीत जाऊन बघायचीस. आम्हाला त्याची गंमत वाटायची गं.

अर्ध्या वाटेत तुझा गुडघा दुखायला लागला. "तुम्ही व्हा पुढे. मी बसते इथे सावलीत." एका सपाट दगडावर तू टेकलीस. रामजीभाईंना हे पटलं नव्हतं, पण तूच त्यांना आमच्याबरोबर पाठवलंस. बाबा म्हणाले, "हलू नकोस हं."

"कुठे जाणारे मी?"

तेवढंच. त्यानंतर तुझा आवाज ऐकला नाही.

परत फिरलो तेव्हा वारा सुटला होता. धुळीने पुढचं दिसेना. फाट्यावर आलो तर सगळ्या घळी सारख्याच. बाबा आणि समीर घाईने एकीत शिरले. रामजीभाई मला म्हणाले, "आप यहीं रुको," आणि दुसरीत बघायला गेले. ते दहा पावलं गेले नसतील, मी ओरडले. "आई!"

माझा आवाज समोरच्या कड्यावर आपटला आणि मागून आला. मग वरून आला. मी पुन्हा ओरडले. किती वेळा, ते आता सांगता येत नाही. रामजीभाई पळत आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "बस, बेन. बस."

तुझ्या दगडापाशी पोचलो. बाटली होती, झाकण नीट लावलेली. तू नव्हतीस.

आडोशाच्या वाळूत, वाऱ्याने न पुसलेले, तुझ्या नव्या बुटांचे ठसे होते. ते आमच्याकडे नव्हते येत, पलीकडच्या चढावर जात होते. मध्ये एका जागी थांबलेले, वळलेले, आणि पुन्हा पुढे निघालेले. भराभर टाकलेली पावलं, दुखऱ्या गुडघ्याने. रामजीभाई वाकून ते बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ठसे कड्याच्या काठाशी संपले. तू खाली होतीस. ऊन अजून उतरलंही नव्हतं.

वर्षभर बाबा सगळ्यांना एकच सांगताहेत, "तिला एका जागी बसवतच नसे." मला त्यांचा राग यायचा. आणि खरं सांगू? बरंही वाटायचं. तुझ्यावर ढकललं जात होतं तोवर मला कोणी काही विचारत नव्हतं.

आज ते मेथी निवडत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, आई हाका ऐकून उठली. माझ्या हाका."

त्यांचा हात थांबला. म्हणाले, "तुझ्या एकटीच्या नाहीत. पलीकडून मीही मारत होतो."

"मग तुम्ही सगळ्यांना असं का सांगता?"

"तुझ्या मनात ते येऊ नये म्हणून."

मग ते पुन्हा निवडायला लागले. देठं भाजीत टाकत होते आणि पानं कचऱ्यात.

तू कोणाच्या हाकेने उठलीस, आई? माझ्या की बाबांच्या? सवयीप्रमाणे "आले, आले" म्हणालीस का? ते तरी आम्हाला ऐकू यायला हवं होतं. रात्री फॅन बंद झाला, घर गप्प झालं, की मी अजून कान देते.

रविवारी मावशी, मामा, सगळे येतील. त्यांच्यासमोर मी बोलणार आहे, बाबांनी अडवलं तरी. तू आम्हाला सोडून कुठेही निघाली नव्हतीस. आम्ही बोलावलं, म्हणून तू येत होतीस.

तुझी,
मधू