आले गं आई

दि. ११ मार्च

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर बघून दचकू नकोस, आई बरी आहे. खाते, पिते, माझ्यावर डाफरते. दुकानही चाललंय. लोक शिलाई मशीन माळ्यावर टाकतात आणि उंदरांनी पट्टा कुरतडला की माझ्याकडे आणतात.

परवा दुकानात कॉलेजची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. चाळिशी ओलांडलेल्यांना दोन प्रश्न: आयुष्यातला सर्वांत कठीण काळ कोणता, आणि सर्वांत समाधानाचा कोणता? मी दोन्हीकडे लिहिलं, 'गेली तीन वर्षं.' ती म्हणाली, "काका, चुकून एकच उत्तर दोनदा लिहिलंत." मी म्हटलं, "राहू दे, बरोबर आहे." तेव्हापासून माझं मलाच कुतूहल वाटतंय, असं कसं लिहिलं मी?

कठीण का, ते तू ओळखशील. आईला विसर पडायला लागल्यापासून दाराला कुलूप, गॅस बंद, एकाच प्रश्नाला दिवसातून चाळीस वेळा उत्तर. एकदा मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. हे आजवर कुणाला बोललो नव्हतो.

समाधानाचं सांगायला मात्र जास्त धीर लागतोय.

दोन वर्षांपूर्वी तू फोनवर विचारलंस, "दादा, येऊ का?" मी म्हटलं, "कशाला? ती आता कुणालाच ओळखत नाही." तू रडलीस, आणि मग तुझे फोनही कमी झाले. चिमे, मी खोटं बोललो. ती तुला ओळखते. फक्त तुलाच. मी घरात शिरलो की म्हणते, "आलीस का गं चिमे?"

आधी तळपायाची आग मस्तकात जायची. राबतो मी आणि नाव हिचं! "अगं, मी दादा, मी आलोय," म्हटलं की ती घाबरून भिंतीकडे सरकायची. शेवटी, तुझ्या त्या फोनच्या थोडं आधी, एका संध्याकाळी दमून म्हणालो, "आले गं आई." या एवढ्या मिशीखालून! तिचा चेहरा असा काही फुलला म्हणून सांगू. मला जवळ घेतलं, टकलावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तेल लावत नाहीस, म्हणून केस गळले बघ."

तेव्हापासून मी घरात 'जेवते', 'बसते', 'झोपते'. एकदा तर गिऱ्हाइकालाच म्हणालो, "उद्या करून ठेवते." तो मशीन घेऊन परत निघाला होता.

मग आई बोलायला लागली. "दादाला सांगू नकोस हो, पण पोर गुणाचं आहे. हे गेले आणि मी त्यालाच घरचा कर्ता करून टाकला. पोर म्हणून कधी जवळ घेतलंच नाही." हे मी पन्नाशीत ऐकलं, तेही तू होऊन. तू आलीस तर हे ऐकायला मिळणार नाही, म्हणून तुला येऊ दिलं नाही. एवढंच ते कारण.

पण ती हाक तुझी होती, मी लाटली. डॉक्टर म्हणतात, ही ओळखही आता फार दिवस टिकणार नाही. तेव्हा या रविवारी ये. तिने हाक मारली की मी गप्प बसेन, "आले" तू म्हण. मग माझ्याकडे बघून ती मला कोण म्हणते, याची फार उत्सुकता आहे. शेजारी म्हणाली तरी चालेल.

येताना डोक्याचं तेल आण. तिच्याच हाताने लावून घे.

वाट पाहते.

चुकलो. पाहतो.

तुझा,
दादा