कवीच्या रकान्यात

मास्तर, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसले आहे. तुमच्या भजनी मंडळात गायला शिकले तेव्हा मी दहा वर्षांची होते. तुम्ही दिवसा गिरणीत आणि संध्याकाळी आमच्यात. कुणाचा सूर चुकला की पेटी वाजवायची थांबवून नुसते बघायचात, आणि मी त्या बघण्याला फार भ्यायचे. तुम्ही इतकी गाणी रचलीत, पण शेवटच्या कडव्यात नाव यायचं ते मैंदर्गीच्या तुमच्या गुरूंचं. शिष्यानं स्वतःचं नाव घालायचं नाही, ही तुमच्याकडची रीत. तेव्हा मला तिचं कौतुक वाटायचं. आता तिचाच राग येतो, आणि तो रास्त नाही हेही कळतं.

मॅट्रिक होऊन मी नव्या पेठेतल्या एका प्रकाशकाकडे टायपिस्ट म्हणून लागले, तीही हंगामी. मालक भजनांची पुस्तकं छापून जत्रांमध्ये विकायचे. तुमची गाणी मीच त्यांच्या कानावर घातली, आणि त्यातलं एक मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीनं घेतलं. करार आला. रॉयल्टीचे दोन भाग, अर्धा कवीचा, अर्धा प्रकाशकाचा. कवी हयात नसेल आणि त्याला वारसही नसेल, तर त्याचा अर्धाही प्रकाशकाकडेच जाणार. इंग्रजीतलं ते कलम मी दोनदा वाचलं होतं.

सहीच्या दिवशी गिरणीची पाळी सुटल्यावर तुम्ही तसेच मालकांच्या दुकानात येता, केसांत कापसाचे तंतू, खुर्चीच्या कडेवर बसता. मी करारातल्या कवीच्या रकान्यात घालायचं नाव विचारते.

"गुरुजींचं घाल की. गाणं त्येंचंच हाय. मी नुस्तं लिवलं."

"मास्तर, ते तर वारले. त्यांना मूलबाळही नव्हतं ना?"

"म्हणून काय झालं?" मग तुम्ही विचारता, "त्येंचा हिस्सा कुटं जाईल गं? त्येंच्या समाधीला जाईल न्हवं?"

मालक गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. मग चष्मा काढून पुसत राहिले. माझी नोकरी कायम व्हायची होती. "होय मास्तर, समाधीलाच जाईल," मी म्हणाले. तुम्ही खुशीत साक्षीदार म्हणून सही केलीत. पुढच्याच महिन्यात मी कायम झाले.

गाणं खूप चाललं. लग्नाच्या मांडवात, हॉटेलांत, सगळीकडे तेच. एका वर्षी तुम्ही मैंदर्गीहून एसटीनं उतरलात ते सरळ दुकानात, हातात पेढ्यांचा पुडा. "समाधीवर नवे पत्रे पडले बघ. गळायचं थांबलं. तुजे लई उपकार हायत पोरी." ते पत्रे गावानं वर्गणी काढून घातले होते. तिथल्या एका गिऱ्हाइकानं मला आधीच सांगितलं होतं. तुम्ही मालकांना वाकून नमस्कार केलात, त्यांनी तो घेतला. मी पेढा खाल्ला.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात औषधांची चणचण होती. मी भेटायला आले तेव्हा काकूंनी दारातच विचारलं, "त्या रेकॉर्डचं काईच येत न्हाय का गं?" आतून तुम्हीच बोललात, "ते आपलं न्हाय, तिला इचारू नगंस." मी उशाशी मोसंबी ठेवली आणि हवापाण्याचं काहीबाही बोलत बसले. त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. पण तुम्ही पेटी थांबवून बघायचात तसे बघाल, याची धास्ती होती.

हे कागद कुठं पाठवणार? घडी घालून कपाटात ठेवीन. परवा शेजारची सून तुमचं ते गाणं गुणगुणत होती. कुणाचं आहे हो हे, तिनं विचारलं. मी तुमच्या गुरूंचं नाव सांगितलं, मास्तर. तुमचं घेतलं असतं, तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.