दोघींच्या तोंडात काही नाही

प्रिय हेरिम,

सासूने सुनेला पत्र लिहायचं, तेही हाताने आणि तेही अशा वेड्यावाकड्या अक्षरात, म्हणजे म्हातारीचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. वाटू दे. पण हातातलं काम बाजूला ठेव आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच तेसोकला फोन करू नकोस. एवढंच मागते. बाकी माझी नेहमीचीच बडबड आहे.

इकडे थोंगयॉंगला कालवांचा हंगाम संपत आलाय. शेडमध्ये कालवं फोडायला आता आम्ही चारपाच जणीच बसतो. माझ्या शेजारी मिन्जूची आई असते, तिची जीभ तुला ठाऊकच आहे. पालकदिनाला माझा तेसोक सोलच्या मोठ्या दवाखान्यात माझ्या चेहऱ्याची कातडी घट्ट करून देणार आहे, हे मी कौतुकाने सांगितलं तर म्हणाली, "बघ बाई, तोंडाला इस्त्री करून आलीस की आम्हाला ओळख तरी दाखव!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. इतरांची पोरं लाल फुलं आणि पैशांचं पाकीट देतात, माझा लेक आईला आणि बायकोला एकदमच तरुण करून आणतोय. मला फार अभिमान वाटला होता गं. आठ दिवसांपूर्वीपर्यंत वाटत होता.

दोन वर्षांपूर्वीचा शरदातला सण आठवतो तुला? तू मास्क लावून आलीस आणि जेवतानासुद्धा तोंड फिरवून बसलीस. तेसोकने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "आई, तिला काही विचारू नकोस. चेहरा बारीक दिसावा म्हणून जबडा कोरून घेतलाय तिने. लाजते." माझा लगेच विश्वास बसला. का नाही बसणार? तुमच्या सोलमध्ये, त्या गंगनमच्या फुटपाथवर निम्म्या पोरी पट्ट्या बांधून फिरतात आणि कोणी वळून बघत नाही. आमच्याकडे बाईचं तोंड सुजलेलं दिसलं तर शेजारीण विचारते, कोणी मारलं? तुमच्याकडे विचारतात, डॉक्टर कोण? मी तुला तांदळाची पेज करून दिली आणि मनात म्हटलं, काय ही थेरं. घरी परतल्यावर शेडमध्ये नक्कल पण केली तुझी. तू पेज फक्त उजव्या बाजूने पीत होतीस. सूजही एकाच बाजूला होती. ते माझ्या डोळ्यांना दिसलं, डोक्यात शिरलं नाही.

आता गेल्या आठवड्याचं. दवाखान्यातल्या त्या पांढऱ्या कोचावर आपण तिघं बसलो होतो, तो मध्ये, तू डावीकडे, मी उजवीकडे. ती मॅनेजरीणबाई किती गोड बोलत होती. तेसोकने तुझी हनुवटी बोटाने धरून तुझं तोंड तिच्याकडे वळवलं, "हिची डावी बाजू बघा ना, लोंबायला लागलीय. तेवढी ओढून बसवा." आणि हसला. भाजी घेताना वांगं फिरवून दाखवतात तसं त्याने तुला दाखवलं. तू खाली बघत राहिलीस. मग बाईने समजावलं की मशीन कातडीच्या खाली उष्णता सोडतं, म्हणून चेहऱ्यात धातूची पट्टी, स्क्रू, सिलिकॉन काही असेल तर आधी सांगावं लागतं. एक्स-रे फोटो काढून डॉक्टर ठरवतात, ती जागा सोडायची, उष्णता कमी ठेवायची की करायचंच नाही. "लपवू नका हं," ती म्हणाली. "इथे येणाऱ्या निम्म्या बायकांच्या जबड्यात स्क्रू असतात, त्यात लाजायचं काय? आणि तुम्ही झोपेचं इंजेक्शन घेणार. जाग्या असाल तर भाजतंय म्हणून ओरडाल, झोपेत कोण ओरडणार?"

तेसोक पटकन म्हणाला, "छे हो. दोघींच्या तोंडात काही नाही."

तुझा हात डाव्या जबड्याकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला. बाईने विचारलं तेव्हा तूही नाही म्हणालीस. मग तिने मला विचारलं. मीसुद्धा नाहीच म्हणाले.

हेरिम, माझ्या उजव्या गालाच्या हाडावर एक पट्टी आहे. कानाजवळची ती बारीक रेघ तू सुरकुती समजत असशील. धक्क्यावर शेवाळावरून पाय घसरला, अशी आमच्या घरातली गोष्ट आहे, आणि तुझ्या सासऱ्यांच्या श्राद्धाला कोणी ना कोणी ती हसत हसत सांगतं. पाय घसरला नव्हता. तुझ्या सासऱ्यांनी मारलं होतं, त्या दिवशी बोटीचं इंजिन बंद पडलं म्हणून. पुसानच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरने विचारलं, काय झालं? माझं तोंड उघडत नव्हतं. तुझ्या सासऱ्यांनी तेसोकच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं. सात वर्षांचा होता. एका दमात म्हणाला, "आई धक्क्यावर घसरली." शाळेत कविता म्हणतात तसं. डॉक्टरने त्याच्या गालाला हात लावला आणि शहाणा मुलगा म्हणाला.

म्हणजे माझ्या गालात काय आहे हे तेसोकला पक्कं ठाऊक आहे. तो माझ्याबद्दल खोटं बोलला ते मी समजू शकते, मेलेल्या बापाची लाज राखली असेल. पण तुझ्याबद्दल का? तू हौसेने जबडा कोरला असतास तर तिथे सांगायला काय हरकत होती? त्या कोचावर ती गोष्ट चहा पिण्याइतकी साधी होती. बाई स्वतःच सांगत होती, तिच्याही जबड्यात चार स्क्रू आहेत. जिथे खोटं बोलायची काहीच गरज नव्हती तिथे तो खोटं बोलला. परतीच्या बसमध्ये मी हेच घोळवत बसले. आणि मग माझं मलाच कळलं. शोभेसाठी कोरतात तेव्हा दोन्ही बाजू कोरतात ना? फोटो काढला असता तर डॉक्टरला एकच बाजू दिसली असती. आणि डॉक्टरने विचारलं असतं, हे मोडलं कसं?

तुझी हनुवटी बधिर आहे हेही मला माहीत आहे. नववर्षाला जेवताना तिच्यावर भाताचं शीत चिकटलं होतं आणि तुला पत्ताच नव्हता. तेसोकने ते काढायला हात पुढे केला तेव्हा तू अशी दचकलीस की सूपचा वाडगा कलंडला. मी तुलाच ओरडले, जरा नीट बसावं माणसाने. माझ्या डोळ्यांवर काय पडदा पडला होता देव जाणे. तसं दचकणं मी स्वतः इतकी वर्षं केलंय, तरी ओळखलं नाही.

आता येत्या शनिवारी दवाखान्यात मशीन लावणार, त्याचा विचार कर. तुला झोपवणार. ज्या बाजूला तुला जागेपणीही कळत नाही, तिथेच, पट्टीच्या वर, ते उष्णता सोडणार, आणि जास्त सोडणार, कारण तीच बाजू ओढून बसवा असं त्याने सांगितलंय. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित फोड येईल, आत भाजेल, तोंडाची एक बाजू हलायची थांबेल. त्याला हे सगळं बाईने आपल्यासमोर समजावलं. त्याने ऐकलं, मान डोलावली, आणि तरी म्हणाला काही नाही. पोरी, मला त्या मशीनची भीती कमी वाटते. आपल्या माणसाला भाजलं तरी चालेल पण कोणी विचारता कामा नये, असं ज्याला वाटतं तो माझ्या पोटचा आहे, त्याची मला भीती वाटते.

आज सकाळी शेडला न जाता मी दवाखान्यात फोन केला. म्हटलं, माझ्या गालात पट्टी आहे, सुनेच्या जबड्यात आहे, शनिवारी काही करू नका. बाई दचकलीच. म्हणाली, बरं झालं सांगितलंत, आजी, केवढा अनर्थ झाला असता. मी सुटकेचा श्वास टाकला. आणि मग ती तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "नोंदणी तुमच्या मुलाच्या नावावर आहे, तर संध्याकाळी डॉक्टर त्यांना फोन करून विचारतील. काही काळजी करू नका." मी नको नको म्हणाले. विनवण्या केल्या. म्हणाली, नियम आहे, आजी. मी तुला वाचवायला गेले आणि त्याला खबर दिली. तो आधी तुलाच विचारेल, आईला कोणी सांगितलं? तू 'मी नाही सांगितलं' म्हणालीस तर त्याला ते पटणार आहे का?

तुला मेसेज केला असता, पण तुझा फोन रोज रात्री तो चाळतो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून दहाची बस पकडली आणि मांडीवर पिशवी ठेवून हे सगळं बसमध्ये लिहिलं. समोर बसून मला हे बोलता आलं नसतं, आणि न सांगता तू माझ्यावर विश्वास ठेवला नसतास. कशाला ठेवशील, मी त्याची आई. आता मी तुझ्या ऑफिसच्या खाली, कोपऱ्यातल्या चहाच्या दुकानात खिडकीशी बसलेय. हे पत्र वर आणून देणाऱ्या पहारेकऱ्याला मी तुझी आई आहे असं सांगितलंय. पर्स घे आणि खाली ये, कपड्यांसाठी घरी जायचं नाही. तुझा जबडा जोडला त्या इस्पितळात आधी जाऊ, तिथे फोटो मिळेल. मग तिथून पोलिसांत. आत मी तुझ्याबरोबर येईन आणि कोणी विचारलं, काय झालं, तर आधी माझ्या गालाचं सांगेन, मग तू तुझं सांग. आज नाही जमलं, भीती वाटली, तरी मी तुला रागावणार नाही. पण मी इथून उठणारही नाही. सहाला तो तुला न्यायला येतो ना, तेव्हा गाडीतून उतरल्यावर त्याला आधी मी दिसेन.

तुझीच,
आई