सुमनच्या सुईचं इंजिन

३ जाने.
नितीन सिन्नरहून आला. कपाटातलं इंजिन मागितलं. "पप्पा, दोन दिवस द्या. फोटो काढतो." दिलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या यार्डात होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कोळशातून असली आगगाडीची इंजिनं कोरायचो. सगळी साहेबांच्या निरोप समारंभांत गेली. हे एवढं उरलं. पोटाखाली सुमनने गोधडीच्या सुईने नाव कोरलंय, शेवटचा म वाकडा. प्रत्येकावर कोरायची. "बनवणार तुम्ही, सही माझी." जाऊन चार वर्षं होतील तिला.
नि.ला बजावलं, पाणी लावू नको, वाळताना तडकतं.

९ जाने.
फोन नाही. फोटो काढतोय की सिनेमा?

१४ जाने., संक्रांत
नि. तिळगूळ घेऊन आला. इंजिनही आणलं, रुमालात. तीन तुकडे. फोटो वगैरे थाप. इंजिनावर रबर ओतून साचा केला. रबर ओढताना कोळसा थराथराने सुटला. पोटाखालचा पापुद्रा उडाला, नावाच्या जागी खड्डा. आता कोळशाची पूड आणि रेझिन साच्यात ओतून इंजिनं काढणार आणि 'हातकोरीव' म्हणून विकणार.
हात कोणाचा रे?
"तुमचाच ना पप्पा. साच्यात सगळं आलंय तुमचं."
वर तिळगूळ पुढे केला. मी घेतला, खाल्ला. माझ्याकडून तेवढंच गोड.

२ फेब्रु.
पहिला माल दाखवायला आणला, खोकंभर. नुसता चकचकाट. बोट घासलं तरी काळं होत नाही. असला कोळसा! एक उलटं केलं. सुमन. वाकड्या म सकट. दुसरं उलटं केलं. सुमन. सगळ्यांवर.
डोकंच फिरलं. "आईचं नाव बाजारात मांडतोस?"
"लोक विचारतात पप्पा, सही कोणाची. आवडतं त्यांना."
"बुजव ते. आजच्या आज."
नि.बरोबर आलेली सूनबाई दारातून, "पप्पा, बीपी वाढेल." वाढू दे. नि. खोकं उचलून चालता झाला.

२० फेब्रु.
नवीन इंजिन आणून टेबलावर आदळलं. खालून गुळगुळीत. साच्यातलं नाव खरवडून टाकलंय. "झालं समाधान?" झालं म्हणालो. चहासुद्धा न घेता गेला.
मग तुकडे काढून बसलो. सुमनच्या हातचं अक्षर घरात दुसरं काय आहे? शोधलं. डबे, ट्रंक, देवघर. काही नाही. लिहायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. साच्यात होतं तेवढंच. ते मी ओरडून बुजवायला लावलं. गाढव आहे मी.

२१ फेब्रु.
नि.ला फोन. पहिल्या खेपेतलं एखादं आहे का?
"सगळी गेली. देवळाली कॅम्पातल्या दुकानात असेल एखादं. पण तुम्हीच तर म्हणालात ना, बुजव?"
फोन ठेवला. त्याला कळायला नको का? आई त्याचीही होती.

२२ फेब्रु., देवळाली कॅम्प
इथेच बसून लिहितोय, दुकानातल्या स्टुलावर. काचेच्या कपाटात एकच होतं. दुकानदार म्हणाला, "काका, ते बुक झालंय. गिऱ्हाईक येतंच असेल."
नुसतं उलटं करून दाखवा म्हटलं.
"उलटं काय बघायचं? खाली काय असतं?"
"माझ्या बायकोची सही."
तो हसला. मग माझ्याकडे बघितलं आणि इंजिन काढून हातात दिलं. आहे. म वाकडाच आहे. रेझिनमधला का होईना, हात तिचाच. अंगठा फिरवत बसलो.
"काका, द्या ना आता."
दिलं नाही. गिऱ्हाइकाला फोन लावा म्हटलं, मी बोलतो. तो कधीचा लावतोय. पलीकडे कोणी उचलत नाहीये. इंजिन माझ्या मांडीवर आहे.